गाडी बाहेर लावा, लोभ असावा

उंची इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या समस्त थोर कंपन्यांस,

सा. न. वि. वि.

तुमची गाडी घ्यायची माझी ऐपत नाही, आणि येत्या काही वर्षांत होईल अशी लक्षणंही नाहीत. तरी पत्र लिहितोय, कारण बेसमेंटमध्ये माझी जुनी पेट्रोलची गाडी तुमच्या गाडीला खेटून उभी असते. ग्राहक नसलो तरी शेजारी आहे, आणि शेजाऱ्याला बोलायला पावती लागत नाही.

आधी अभिनंदन. जग्वारच्या आय-पेसने 2019 साली 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' किताब पटकावला, वर डिझाइनचं आणि पर्यावरणाचंही बक्षीस नेलं. कंपनी टाटांची, त्यामुळे आमच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. पुढे अमेरिकेत काही आय-पेस पेटल्या. रिकॉल निघाला, सॉफ्टवेअर बदललं. सॉफ्टवेअर बदललेल्यांपैकीही काही पेटल्या. मग ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या 2019 च्या मॉडेलच्या 2,760 गाड्यांसाठी फर्मान निघालं: चार्जिंग 80 टक्क्यांवरच थांबेल, आणि ती सोय होईपर्यंत गाडी उघड्यावर, घरापासून लांब लावा. पैसे शंभर टक्के घेतलेत, बॅटरी 80 टक्के वापरू दिलीत. हप्ताही त्याच हिशेबाने भरला तर चालेल का, तेवढं लिहायचं राहून गेलं. शेवटी त्या गाड्या परत विकत घ्यायची तयारी कंपनीने दाखवली. एवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

पेट न घेता नुसत्या अडून बसणाऱ्या गाड्यांबद्दल फार बोलत नाही. 2024 मध्ये किया ईव्ही6 आणि ह्युंदाई आयोनिक 5 भारतातही परत बोलावल्या गेल्या. चार्जिंग सांभाळणाऱ्या एका भागात बिघाड होता, त्यामुळे आतली छोटी बारा व्होल्टची बॅटरी उतरायची भीती होती. खाली भलीमोठी बॅटरी ठासून भरलेली, आणि गाडी मात्र बारा व्होल्टपायी रुसायची! मोठ्यांचे मानपान.

माझा खरा विषय दक्षिण कोरियातल्या इंचॉनचा आहे. 1 ऑगस्ट 2024 ची सकाळ. एका मोठ्या वसाहतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मर्सिडीझची ईक्यूई उभी होती. चार्जिंगला लावलेली नव्हती. तीन दिवसांपूर्वी मालकाने ती तिथे उभी केली, त्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता. तिच्यातून धूर निघाला आणि मग जाळ. पाणी फवारणारे स्प्रिंकलर होते, पण ते बंद केले गेले. आग आटोक्यात यायला आठ तास लागले. शंभरावर गाड्यांचं नुकसान झालं, वीसहून जास्त माणसं धुराने दवाखान्यात पोचली, शेकडो घरांची वीज आणि पाणी गेलं. त्या घरांतल्या किती जणांनी मर्सिडीझ घेतली होती? एकाची गाडी आणि अख्ख्या वसाहतीची निर्वासित छावणी. कित्येक आठवड्यांच्या तपासानंतरही आग नेमकी कशाने लागली, ते पोलिसांना ठामपणे सांगता आलं नाही.

तुमचे सेल्समन लगेच सांगतील, पेट्रोलच्या गाड्या जास्त पेटतात. बरोबर आहे, आकडे तेच म्हणतात, आणि मी विजेच्या गाड्यांच्या विरोधात नाही. पण माझ्या गाडीच्या आगीशी कसं लढायचं, हे अग्निशमन दलाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तुमच्या बॅटरीतल्या प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण टोकांच्या मधे केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. कारखान्यात एखादी पट्टी दुमडली, एखादा कण आत राहिला, की कधीतरी तो पडदा फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट होतं. एक सेल तापला की शेजारचा तापतो. बॅटरीचा पॅक गाडीच्या तळाला सीलबंद, त्यामुळे पाणी आत पोचत नाही, आणि आग विझली म्हणून निघून जावं तर पुन्हा पेटते.

इंचॉननंतर कोरियन लोकांना आणखी एक धक्का बसला. त्या गाडीतले सेल फॅरासिस नावाच्या चिनी कंपनीचे होते, आणि पुष्कळांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एवढी महाग गाडी, शिलाई कुठल्या चामड्याची हे पाठ, आणि बुडाखाली काय आहे याचा पत्ता नाही! आमच्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पाम तेल सगळं छापलेलं असतं. कोरियन सरकारने डोळे वटारल्यावर कंपन्यांनी दोन आठवड्यांत सेलवाल्यांची नावं जाहीर केली. म्हणजे नावं होती, सांगायची इच्छा नव्हती. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे. आम्ही व्हिसासाठी रांगेत उभे राहणारे लोक. बॅटरीचा पासपोर्ट बघायला आम्हाला आवडेल.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या ब्रोशरमध्ये सीटचा एखादा रंग कमी छापा आणि त्या जागी सेल कुणाचे, कुठल्या कारखान्यातले, ते छापा. आणि 'गाडी बाहेर लावा' असं पत्र पुन्हा पाठवायची वेळ आली, तर त्याची एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीलाही धाडा. सध्या ते फक्त मालकाला जातं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पलीकडच्या पार्किंगमधला शेजारी