दुबई करून आलो

रायपूरच्या बूढापाऱ्यातले आमचे शेजारी काका-काकू दुबई करून आले. 'करून आले' हाच शब्द बरोबर. चारधाम करतात तसं. लेक-जावई तिथे, त्यात अधिक महिना, म्हणजे जावयाला 33 अनारसे पोचवणं आलंच. काकूंनी तांदूळ तीन दिवस भिजवले, पीठ मुरवलं आणि ऐन तळणाच्या दिवशी लेकीचा फोन : "आई, खसखस मुळीच आणू नकोस. इथे बंदी आहे. अमली पदार्थांत धरतात." काकांनी घाबरून गोड्या मसाल्याचा डबासुद्धा बॅगेतून बाहेर काढला. अनारसे तिळावर थापले गेले. खसखस पिकली ती आमच्या गल्लीत, चांगली आठवडाभर.

नौतप्याच्या कडक उन्हात रायपूर सोडायचं ते वाळवंटात जायला? काका म्हणाले, "ऑफ सीझन. तिकीट स्वस्त." स्वस्तातल्या तिकिटातून जे वाचलं ते तिथल्या मॉलमधल्या बर्फात गेलं. बाहेर अंगाची लाही, आत उणे तापमान आणि भाड्याच्या कोटात कुडकुडणारे काका. फोटोत ते दात दाखवताहेत. हसताहेत की दातखीळ बसली आहे, ते काकूंनाही सांगता येत नाही.

दिरहम दिसला की काका मनातल्या मनात गुणाकार करत. चहा प्यायले तरी आधी गुणाकार, मग घोट. गंमत अशी की 1966 पर्यंत दुबईत रुपयाच चालत असे, आपल्या रिझर्व्ह बँकेनं छापलेला. त्या साली आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, त्यांनी तो सोडला. आणि त्याच साली दुबईच्या समुद्रात तेल लागलं. पायगुण म्हणतात तो हाच असावा.

बुर्ज खलिफा 828 मीटर. काका लिफ्टनं मिनिटभरात 124व्या मजल्यावर. अशा वेळी देहभान हरपतं म्हणतात. 1877 साली चौदा वर्षांचा एक मुलगा नागपूरहून बैलगाडीनं रानावनातून आमच्या रायपुरात आला आणि याच बूढापाऱ्यात राहिला. वाटेत डोंगराच्या कपारीतलं भलंमोठं मधमाश्यांचं पोळं पाहून त्याचं देहभान हरपलं, असं त्याच्या चरित्रात येतं. पुढे तो विवेकानंद झाला. काकांचं देहभान शाबूत होतं. एका हातात मोबाईल, दुसरा हात खिशातल्या पाकिटावर.

पण खरी आरती काका ओवाळतात ती बुर्जच्या पायथ्याच्या कारंज्याची. तीस एकरांचं तळं, मुद्दाम खणलेलं. गाण्याच्या तालावर पाचशे फुटांपर्यंत उडणारं पाणी. "वाळवंटात, बोला! प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून घेतात, आणि तलाव बघा केवढा!" हे ऐकताना मला आमचा राजबंधा तलाव आठवला. तो बुजवून आम्ही मैदान केलं. आता तिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत आणि दर उन्हाळ्यात तिथूनच पाणीटंचाईच्या बातम्या निघतात. दुबईनं वाळूत तलाव खणला, आम्ही तलावात माती टाकली. दोन्हींचं नाव विकास. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं हे नेहमीचंच."

जावयानं अनारसे खाल्ले का? एक. डाएट चालू आहे म्हणे. उरलेले 32 फ्रीजमध्ये. काकूंना तीळ खुपतोय अजून. त्यांच्या मते खसखस असती तर त्यानं चार तरी खाल्ले असते.

परवा संध्याकाळी काका बूढा तलावाच्या काठी भेटले. पाण्यात मधोमध विवेकानंदांचा पुतळा, वाऱ्याची झुळूक, पलीकडच्या काठावर दिवे लागत होते. काका दोघा-तिघांना मोबाईलवर कारंज्याचा व्हिडिओ दाखवत होते. उजेडामुळे पडदा नीट दिसेना, तेव्हा सगळे वळून तळ्याकडे पाठ करून बसले.