मॉन्ट्रियलहून अंबाजोगाईला, आडनावाच्या चौकशीबाबत

ती. आत्यास,


गल्लीत माझ्या आडनावाची चौकशी अजून चालू आहे म्हणतेस. ‘लग्न झालं तरी माहेरचंच लावती का? नवऱ्याशी पटतंय ना?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर आठवड्याला बदलतं, म्हणून पहिल्याचंच देते. सगळ्यात सोपं उत्तर इथल्या सरकारनं देऊन ठेवलंय. क्वेबेक प्रांतात १९८१ पासून लग्नानंतर नवरा-बायकोनं आपापलं जन्माचंच नाव ठेवायचं असा कायदा आहे. हौसेनं नवऱ्याचं लावते म्हटलं तरी नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर ते होत नाही. पण या उत्तरावर फार विसंबू नकोस. उद्या कुणी जपानचा कायदा काढला तर? तिथं जोडप्याचं आडनाव एकच लागतं, आणि बहुतेक वेळा बदलते ती बायकोच. परदेशाच्या खांद्यावर बंदूक ठेवण्यात अर्थ नाही. उत्तर आपल्या जिल्ह्यात आहे.

परळीच्या मुंडे भगिनी बघ. दोघींची सासरची आडनावं वेगळी आहेत, पण पंकजाताई मुंडे म्हणूनच निवडून आल्या आणि २०१४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत प्रीतमताईंना जिल्ह्यानं जवळपास सात लाखांचं मताधिक्य दिलं ते मुंडे म्हणूनच. कुणी मतदान केंद्रावर ‘आधी आडनाव बदला’ म्हणून अडून बसलं नाही. तू म्हणशील, ते राजकारण, तिथं बापाचा वारसा चालवायचा असतो. अगदी कबूल. म्हणजे आडनावाला वजन असेल तर लेकीनं ते लावावं, आणि साधं शेतकऱ्याचं असेल तर मांडवातच सोडून यावं, असा नियम झाला. हा नियम परंपरेचा नाही, भावाचा आहे. बाजारभावाचा म्हणते मी, सख्ख्या भावाचा नव्हे. अर्थात सख्ख्या भावाचंही बघू. लेक परक्याची, असं वर्षभर म्हणायचं, आणि हक्कसोडपत्राची वेळ आली की दुय्यम निबंधकापुढं तिचं माहेरचं नाव बापाच्या नावासकट बिनचूक सांगायचं. सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं असतं तेव्हा ते किती पटकन आठवतं!

आता आक्षेप. ‘माहेरचं आडनाव तरी कुणाचं? बापाचंच, म्हणजे पुरुषाचंच ना?’ खरं आहे. पण नवऱ्याचंही त्याच्या बापाचंच असतं, आणि त्याला कुणी ते उसनं म्हणत नाही. ‘कागदपत्रांचा घोळ होतो.’ घोळ होतो तो बदलल्यावर: दहावीचं प्रमाणपत्र एका नावाचं, पॅन कार्ड दुसऱ्या नावाचं, मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि फेऱ्या. लग्न झालं म्हणून आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. आहे ती फक्त सवय. ‘मुलांचं काय?’ १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आईचं, मग बापाचं नाव आणि आडनाव लावायचं, हे महाराष्ट्र सरकारनंच ठरवलंय. आडनाव बहुधा बापाचंच राहतं, तेव्हा सासरच्यांनी इतकं घाबरू नये.

आणि भांड्यांचं काय, ते सांग. रुखवतातल्या पितळी डब्यावर टोचून घातलेलं माहेरचं नाव सासरी कुणी कानशीनं घासत बसत नाही. चिंचेनं घासून घासून अक्षरं पुसट होतात, तरी डबा पुढच्या पिढीतही त्याच नावानं ओळखला जातो. डब्याला जी मुभा आहे ती डबा आणणारीला का नाही, एवढंच विचारायचं. आणि सासरचं नाव नसलं की मान जातो असं कुणी म्हणेल, तर आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचं परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं लग्न मुहूर्त टळल्यानं राहिलं, वऱ्हाडाचे दगड झाले म्हणतात. तिला तर सासरच मिळालं नाही, म्हणून आरतीत काही कमी पडलंय का?

तरी पुन्हा कुणी विचारलंच, तर वाद घालू नकोस. चहा टाक आणि विचारणारीलाच तिच्या माहेरचं आडनाव विचार. गाव, वाडा, विहीर, सगळं निघेल. माझं आडनाव त्या दिवशी राहून जाईल.

तुझी भाची