साडेसात वर्षं हवीत कोणाला?

माणसाला म्हातारं करण्याचं काम एकट्या वयावर सोडायचं नसतं, हे आम्हा लष्कर भागातल्या मराठी घरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्वाल्हेरात या कामाला घरचे, दारचे, सगळे हात लावतात.

आमचे नाना राज्य सरकारच्या नोकरीतून बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. तोवर रोज पहाटे किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याची चढण चढायची, कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांना हात जोडायचे आणि उतरल्यावर भाजी घेऊन घरी यायचं, असा त्यांचा बेशिस्त कारभार होता. हार-नारळाच्या दुसऱ्याच दिवशी काकूंनी पिशवी काढून घेतली. "राहू द्या हो, आता तुमचं वय आहे का?" भाजी मुलाकडे गेली, तो ती मोबाइलवरून मागवतो. सुनेनं खुर्चीत उशी ठेवली. मी काठी आणली. गरज नव्हती, पण दाराजवळची खुंटी रिकामीच होती. वर्षभरात नाना काठी घेऊन चालू लागले. माझी दूरदृष्टी सगळ्यांनी मान्य केली.

निदानातही आम्ही वेळ दवडत नाही. गुडघा दुखला? वय. धाप लागली? वय. झोप येत नाही? वय. ऐकू कमी येतं? तेही वयच, आणि तसंही त्यांना कोणी काही सांगत नव्हतं. डॉक्टरची फी वाचते आणि दुखणं घरातल्या घरात निवांत वाढतं. मोहल्ल्यात त्यांनी एखादं मत मांडलंच, तर 'सठिया गए' हे दोन शब्द पुरतात.

आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही या बाईंची गोष्ट. ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या गावी 1975 साली पन्नाशीपुढच्या लोकांना काही प्रश्न विचारले होते. वय वाढतं तसा माणूस निरुपयोगी होतो का, हा त्यातलाच एक. पुढे बाईंनी त्यांतल्या 660 जणांच्या उत्तरांशी त्यांचं आयुष्य ताडून पाहिलं आणि 2002 साली जाहीर केलं, की वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ते इतरांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगले. मुळातली तब्येत, एकटेपणा, सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच.

साडेसात! हा आकडा आम्हाला कोणी शिकवायला नको. इथून जवळच मुरैना जिल्ह्यात ऐंतीला शनिश्चराचं देऊळ आहे. तिथं शनिश्चरी अमावास्येला माणसं कपडे आणि चपला टाकून साडेसाती सोडवून घेतात. ज्या आकड्यापासून सुटायला आम्ही इतकी धडपड करतो, तो बाई वर जोडून देऊ पाहतात. नको.

उलट उदाहरणं देणारे लोक गावात आहेत. ते लगेच कृष्णराव शंकर पंडितांचं नाव काढतात. ग्वाल्हेर घराण्याचे हे गवई 1893 साली इथंच जन्मले, 1914 साली त्यांनी इथं संगीत विद्यालय काढलं. पुढे सत्त्याऐंशीच्या घरात, 1980 साली तानसेन सन्मान घेतला आणि 1989 साली शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. ऐंशी उलटल्यावरही गात होते. माझं स्पष्ट मत आहे, की त्यांच्या घरी काठी आणून देणारा पुतण्या नसावा. एवढ्या मोठ्या कलावंताची अशी हेळसांड झाली, याचं वाईट वाटतं.

नानांच्या बाबतीत आम्ही ती होऊ दिलेली नाही. त्यांचे चालायचे कॅनव्हासचे बूट पलंगाखाली उगाच जागा अडवत होते. गेल्या शनिश्चरी अमावास्येला मी ते ऐंतीला नेऊन सोडले. नाना खिडकीतून बघत होते, काही बोलले नाहीत. आठ नंबरचे आहेत, तळवे अजून चांगले आहेत. कोणी उचलले असतील, तर परत आणायची तसदी घेऊ नये.