बिनवायरी करवतीचा धनी

रत्नागिरी जिल्ह्याच्या आंबा-समाजात बागायतदार, बाग खंडाने घेणारा व्यापारी आणि झाडावर चढणारा गडी हे तीन वर्ग पूर्वापार आढळतात. त्यांत अलीकडे चौथ्याची भर पडली असून, मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन वाडीत परतलेल्या आणि बॅटरीवर चालणारी साखळी-करवत बाळगणाऱ्या या गृहस्थाला, अभ्यासाच्या सोयीसाठी, करवतधारी म्हणता येईल.

या वर्गाचा उदय बहुधा 3 जून 2020 नंतरचा आहे. त्या दिवशी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात आंबा, नारळ, पोफळी आडव्या पाडल्या, रस्ते अडवले आणि कित्येक गावांची वीज दीर्घकाळ घालवली. त्यावरून घरोघरी करवत हवी असा निष्कर्ष करवतधाऱ्याने काढला. वीजच नसेल तर बॅटरी कशावर भरायची, हा प्रश्न त्याला पडलेला नाही आणि तो विचारणाऱ्यास तो कुजकट समजतो.

त्याचे सुरक्षाशास्त्र तीन नकारांवर उभे आहे: वायर नाही म्हणून शॉक नाही, पेट्रोल नाही म्हणून भडका नाही, आवाज नाही म्हणून धोका नाही. यांतला तिसरा नकार घातक होय, कारण पेट्रोलची करवत काम नसतानाही गुरगुरत राहून आपण जागी असल्याचे कळवते, तर बॅटरीची करवत गप्प असते आणि कळ दाबताच क्षणात पूर्ण वेगाने फिरू लागते. म्हणूनच साखळी ताणण्यापूर्वी किंवा अडकलेला भुसा काढण्यापूर्वी बॅटरी उतरवून ठेवायची असते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडात रुतला की संपूर्ण यंत्र धरणाऱ्याच्या तोंडाकडे उलटते, यास उसळी म्हणतात, आणि त्यासाठीच मोठ्या करवतीला साखळी थांबवणारा ब्रेक व दोन हातांच्या दोन मुठी दिलेल्या असतात. करवतधाऱ्याला हे सर्व मुखोद्गत असून, पडवीत आलेल्या पाहुण्यांना तो ते सविस्तर समजावतो, मात्र त्या वेळी त्याच्या एका हातात बॅटरी चढवलेली करवत आणि दुसऱ्यात चहाचा कप असतो.

शिरस्त्राण, चष्मा, हातमोजे आणि साखळी अडवणाऱ्या धाग्यांची जाड विजार ही सामग्री त्याने हौसेने घेतलेली असते. परंतु कोकणातल्या उकाड्यात ती विजार फोटोपुरतीच टिकते आणि प्रत्यक्ष तोड हाफ पँट व स्लिपर यांवर, शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभे राहून, खांद्याच्या वर हात नेऊन होते. कायद्याशी त्याचे भांडण नाही, कारण 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा व फणस असले तरी त्याचे आठ इंची पाते बुंध्याला पुरतच नाही.

शिडी धरण्यास नेमलेला गडी हा या शास्त्राचा खरा जाणकार, आणि म्हणूनच त्याला कोणी काही विचारत नाही. आडव्या फांदीच्या वरच्या अंगाला ताण व खालच्या अंगाला दाब असतो, त्यामुळे केवळ वरून कापल्यास ती अर्ध्यात मोडून खोडाची साल ओरबाडत खाली येते. वर्षानुवर्षे हापूसवरची बांडगुळे कोयतीने उतरवणारा गडी, "भाऊ, आधी खालून घाव घाला, नायतर साल सोलत येईल," एवढेच म्हणतो. भाऊ वरूनच कापतात. फांदी अर्ध्यात मोडून साल सोलत लोंबते, पाते तिच्यात अडकते, यंत्र गरम होऊन बंद पडते, आणि मग गडी शिडी सोडून वर चढतो, कोयतीने फांदी मोकळी करतो, करवत सोडवून खाली देतो व उघड्या जखमेला बोर्डो पेस्ट लावून उतरतो.

त्याच संध्याकाळी मुंबईतल्या मुलाला फोनवर, मशिनने फांदी पाच मिनिटांत उतरवली, असे कळवले जाते. आणि गड्याची मजुरी चुकती करतानाही हीच पाच मिनिटे हिशेबात धरावीत, असा करवतधाऱ्याचा आग्रह असतो.