पडणाऱ्याचं कौतुक

ऐकिडो या जपानी युद्धकलेचं प्रात्यक्षिक बघताना माझी नजर गुरुजींवर ठरतच नाही. ती जाते पडणाऱ्या बिचाऱ्याकडे. टोकियोच्या बुदोकानमध्ये दरवर्षी अखिल जपान प्रात्यक्षिक भरतं, त्याचे व्हिडिओ मी जेवण झाल्यावर बघत बसतो. घोळदार हाकामा नेसलेले एक आजोबा शांत उभे असतात. समोर धिप्पाड तरुण. तो आधी वाकून नमस्कार करतो (हल्लेखोरांत एवढे संस्कार आमच्याकडे नाहीत), मग आजोबांचं मनगट धरतो आणि धरूनच ठेवतो. आजोबा किंचित वळतात, की गडी हवेत गिरकी घेऊन गादीवर धाडकन! लगेच उठून पुन्हा हजर. या सोशिक माणसाला ‘उके’ म्हणतात.

आखाड्याच्या कडेला बसून कुस्त्या पाहिलेला माणूस हे बघून एकच शब्द उच्चारेल: नुरा. म्हणजे आधीच ठरवून लढलेली कुस्ती.

आरोप अर्धाच खरा. मनगट धरणं आलंय तलवारीच्या काळातून; समोरच्याला तलवार उपसू द्यायची नसेल तर त्याचा हात धरायचा. आता पार्किंगवरून भांडणारा इसम मनगट धरत नाही, कॉलर धरतो, आणि तीही शिव्यांचा साठा संपल्यावर, हा भाग वेगळा. उकेची उडीही निव्वळ नाटक नसते. ‘कोतेगाएशी’ या डावात मनगट बाहेरच्या बाजूला पिरगाळलं जातं. अशा वेळी हाड मोडून घेण्यापेक्षा उडी परवडते.

संस्थापक मोरिहेई उएशिबांवरही (1883–1969) हाच संशय घेतला गेला. 1939 मध्ये मांचुरियात त्यांचं प्रात्यक्षिक तेनर्यू नावाच्या माजी सुमो पैलवानाला थोतांड वाटलं. उएशिबांनी त्याला हात धरायला बोलावलं. धरताच त्याची खात्री पटली; तो पुढे शिष्यच झाला, आणि ही हकीकत स्वतःच सांगायचा.

पंचाईत होते ती नुरा आहे हे गुरुजीच विसरले की. यानागी र्यूकेन या जपानी गुरुजींचे (हे ऐकिडोवाले नव्हेत) शिष्य तर त्यांनी लांबून नुसता हात हलवला तरी रांगेनं कोसळायचे. 2006 मध्ये त्यांनी पैज लावून एका तरुण लढवय्याला सामन्याला बोलावलं. गुरुजींनी हात हलवला. पोरगा पडला नाही! त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. थोड्याच वेळात गुरुजींच्या नाकातून रक्त. मला हसू आलं, मग कीवही आली. साहेबांच्या विनोदांना ऑफिस पंचवीस वर्षं हसत आलं, की निवृत्तीनंतर साहेब तिकीट लावून कार्यक्रम करतात, तसंच हे.

उएशिबांचेच शिष्य केंजी तोमिकी यांनी यावर उतारा काढला: स्पर्धा. एकाच्या हाती मऊ, खोटा सुरा द्यायचा आणि त्यानं मनापासून भोसकायचं. उएशिबांना स्पर्धा मुळीच मान्य नव्हती. शिवाय त्यात हवेतल्या गिरक्या जवळपास गायबच होतात. दोन माणसं बाह्या ओढत, ढकलत, धापा टाकत राहतात, आणि पडलाच कोणी तर वेडावाकडा पडतो. दिसायला अगदीच गबाळं, पण माझा विश्वास बसतो.

तरी रात्री व्हिडिओ लावतो तो बुदोकानचाच. आता साठीच्या उंबरठ्यावर माझ्यावर हल्ला झालाच तर गुंडाकडून होणार नाही, बाथरूमच्या ओल्या फरशीकडून होईल. म्हणून जवळच्या क्लासात जाऊन विचारलं, “फेकायचं नाही, नुसतं पडायचं शिकवाल का?”

“काका,” मास्तर म्हणाले, “सुरुवातीला दुसरं काही शिकवतच नाही. पण फी पूर्ण पडेल.”