ओझर ते शिर्डी, मार्गे चांदवड

आमच्या चांदवडला रेल्वे नाही. विमानतळ मात्र दोन आहेत. म्हणजे गावात नाहीत. एक ओझरला, दुसरा शिर्डीजवळच्या काकडीला, २०१७ साली झालेला. रेल्वेसाठी पंचवीसेक किलोमीटरवरचं मनमाड गाठावं लागतं, पण मनमाडला निघालेल्या माणसाची गावात कोणी दखल घेत नाही. ओझरला निघालेल्याला मात्र रेणुकामातेच्या देवळापासून स्टँडपर्यंत जो तो अडवतो, "काय नाना, विमान का?"

या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर मी मोबाइलवर काढलं. जेमतेम ७० किलोमीटर. उड्डाणाचा वेळ काढायची रीतही सोपी असते: ताशी ८०० किलोमीटर धरायचे आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवायचा. म्हणजे प्रवास पाच मिनिटांचा आणि चढउतार तीस मिनिटांची! असं विमान अर्थातच नाही. असतं, तर चाकं पोटात घेतो न घेतो तोच ती बाहेर काढायची वेळ आली असती. ओझरला सुखोई बांधतात, त्यांना जमेल. पण त्यांत बॅग ठेवायला जागा नाही.

मुंबईचा हिशेब आणखी मजेशीर. ओझर ते मुंबई सरळ रेषेत १६० किलोमीटर. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेत छोटं विमान सुरूही झालं होतं. पण चांदवडकरांचे निम्मे पाहुणे डोंबिवलीत. विमान जवळपास त्यांच्या डोक्यावरूनच जाणार, आपण सांताक्रूझला उतरणार आणि मग लोकलमध्ये उभं राहून उलटं डोंबिवलीला येणार. त्यापेक्षा कसारा घाट बरा, वाटेत चहा तरी मिळतो.

दिल्लीचा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, दोन तासांचं तर काम!" खरं आहे. ओझर ते दिल्ली हजारेक किलोमीटर, विमान दोन तासांत नेतं. पण मामाचा प्रवास आदल्या रात्रीच सुरू होतो. खळ्यातला कांद्याचा वजनकाटा ओसरीवर येतो. बॅग त्यावर चढते, काटा एकोणीसवर जातो, आणि पंधरा किलोच्या मर्यादेवरून घरात तंटा पेटतो. गोडा मसाला राहतो, पापड राहतात, माझा स्वेटर निघतो. तळाशी दोन किलो कांदे सापडतात. "अगं, दिल्लीत कांदा मिळत नाही का?" "मिळतो हो, पण तो आपल्या घरचा का?" आता लासलगावचा कांदा दिल्लीला आमच्याआधीपासून जातोय आणि त्याला कोणी पंधरा किलोची अट घालत नाही, हे तिला कोण सांगणार?

सकाळी सोग्रस फाटा, वडाळीभोई, शिरवाडे, पिंपळगाव. रस्ता चौपदरी आहे, मान्य. पण पिंपळगावच्या बाजार समितीकडे वळणारे ट्रॅक्टर दिसले, की ताशी ८०० विसरायचं. मग विमानतळावर तासभर आधी हजर, बॅग तपासा, पट्टा काढा, पट्टा घाला. हवेतल्या दोन तासांसाठी जमिनीवर किती तास गेले, याचा हिशेब तिकिटावर नसतो.

तेव्हा चांदवडहून ओझरला जाणाऱ्यांनी घरातून विमानाच्या वेळेआधी अडीच तास निघावं. कांद्याचा हंगाम असेल तर तीन. आणि बॅग आदल्या रात्रीच कुलूप लावून ठेवावी.