व्यवसाय : शेती

साहेबांनी 2024 च्या निवडणूक प्रतिज्ञापत्रातही व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिलं.

कुठले साहेब, असं विचारू नका; तालुक्याला एक आहेत. सरपंच होते तेव्हा शेती. जिल्हा परिषदेत गेले, शेती. साखर कारखान्याच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसले, शेती. आमदारकी आली, मंत्रिपद आलं, गेलं, परत आलं. लाल दिवा तर 2017 साली सगळ्यांच्याच गाडीवरून उतरला. मधे तीन पक्ष झाले. पण रकाना बदलला नाही. एवढं इमान साहेबांनी आणखी कुणाशी राखल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

आता यात वावगं काय, असं म्हणाल. वडील शेतकरी होते. खुद्द साहेबांनीही लहानपणी औत धरलंय, म्हशी धुतल्यात, वैरणीचा भारा डोक्यावरून आणलाय, असं ते भाषणात सांगतात. भाऱ्याचं वजन दर निवडणुकीला वाढतं, ते सोडून देऊ. जुलै लागला की साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरतात, रोपलावणीच्या बायकांत उभे राहतात आणि हातात भाताच्या रोपांची मूठ धरतात. (एकदा मुळं वर आणि शेंडे खाली असा फोटो छापून आला. तो फोटोग्राफर पुन्हा कुणाला दिसला नाही.) तेव्हा शेतकरी ते आहेतच. आमचा घोळ झालाय तो आकड्यांशी.

2019 च्या प्रतिज्ञापत्रापेक्षा 2024 च्या प्रतिज्ञापत्रात साहेबांची मालमत्ता आठ कोटींनी वाढली. करपात्र उत्पन्न बेताचंच, हायस्कूलच्या मास्तराएवढं. मग बाकीचं कुठून आलं? शेतीतून. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही; त्या पाच वर्षांत लागू होता तो 1961 चा कायदा, कलम 10(1). कलम चांगलं आहे, आमच्याही हिताचं आहे, फक्त ते नसतं तरी आमच्यावर कर भरायची पाळी आली नसती. गंमत म्हणजे त्याच 1961 साली राज्यानं कमाल जमीनधारणेचाही कायदा केला. बारमाही पाण्याची जमीन कुटुंबाला ठेवता येते ती 18 एकर. कायदे करणारा माणूस कायदा मोडत असेल असं म्हणायची आमची छाती नाही. म्हणजे हे आठ कोटी अठरा एकरांतनंच निघाले पाहिजेत.

तर उसाचा हिशेब करू. एकरी उतारा पन्नास टन. आमच्या रानात पस्तीस-चाळीसवर दम सुटतो, पण साहेबांचं रान आहे, पन्नास धरा. टनाला साडेतीन हजार. अठरा एकरांत ऊस झाला 900 टन, पैसे साडेएकतीस लाख. नांगरट, सरी, बेणं, लावण, खताचे डोस, भरणी, भांगलण, पाणीपट्टी यात निम्मे गेले. उरले सोळा लाखांच्या आत-बाहेर. आडसाली लावण अठरा महिने, त्यावर खोडवा बारा महिने. पाच वर्षांत दोन लावणी आणि दोन खोडवे बसतात. खोडव्याचा उतारा पडतो, पण साहेबांचा पडत नाही असं धरा. सोळा चोक चौसष्ट. या पाच वर्षांत साहेबांच्या घरी कुणी जेवलं नाही, गाडीत डिझेल टाकलं नाही, पोरीचं लग्न झालं नाही (झालं, आम्ही जेवून आलोय, चार हजार पानं उठली, पण धरू नका). 2021 च्या जुलैत पंचगंगा पात्र सोडून रानात शिरली तेव्हा सगळ्यांचा ऊस कुजला आणि साहेबांचा तेवढा ताठ उभा राहिला, हेही धरा. तरी चौसष्ट लाखच होतात. सात कोटी छत्तीस लाख उरतात, ते कशाचे? उसाचे नव्हेत, हे उघड आहे. आम्ही उसाच्या जातींत 86032 लावून बघितला, 265 लावून बघितला, कोटी सोडा, गेल्या साली सोसायटीचं कर्जसुद्धा फिटलं नाही. मग पिकतं काय तिथं? केशर असतं तर वास आला असता. चंदन म्हणावं तर ते पाच वर्षांत तोडायला येत नाही, आणि साहेबांना मुदत पाचच वर्षांची. बरीच डोकेफोड केल्यावर आमची खात्री झाली की साहेबांना एखादी नवीच जात सापडली आहे. हिला पाणी लागत नाही, लाईट लागत नाही, खत लागत नाही. बेणं म्हणून एक सही पुरते. मुरमाडात येते, डांबरात येते, शहराला लागून असलेल्या पडीक रानात तर फारच जोमानं येते. एखाद्या वळणरस्त्याची आखणी जाहीर व्हायच्या आधी सहा महिने लावली तर उताऱ्याला तोड नाही. उशिरा लावणाऱ्याला मात्र काही मिळत नाही, आणि आखणी कळेपर्यंत आमच्यासारख्यांना उशीर झालेलाच असतो.

आमच्या गल्लीतल्या तात्यांना विचारलं, "तात्या, साहेबांचं रान बघितलंय का कधी?"

"बघितलंय की."

"काय हाय त्यात?"

"कंपाउंड."

इथपर्यंत हसायला येतं. पुढं येत नाही. कारण साहेब ऊस पिकवणारेही आहेत आणि ऊस घेणारेही. साहेबांच्या उसाला नोव्हेंबरात तोडणीची टोळी येते. आमच्या उसाला मार्चात, तुरा येऊन वजन घटल्यावर, तीही खुशालीचे पैसे मोजल्यावर. ट्रॅक्टरवाल्याच्या एंट्रीचे पैसे वेगळे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात स्वच्छ लिहिलंय की ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. हे व्याज आपणहून खात्यावर जमा झालेलं कुणी बघितलंय का? आणि आमच्या थकबाकीचं व्याज? ते दिवस मोजून घेतात. वर साहेब सभेत ऐकवतात, "शेतकऱ्याच्या पोराला शेतकऱ्याचं दुःख सांगू नका." नाही सांगत. तुम्हीच या एकदा, रात्री बारा ते सकाळी आठच्या लाईटीला, बॅटरी घेऊन उसात दारं धरायला. जानेवारीच्या थंडीत, गुडघाभर पाचटात, पायाखाली साप आहे की पाईप आहे हे न कळता. सरकार तुमचं, खाती तुमची, आणि दिवसाची लाईट मागायला डांबरावर बसायचं आम्ही! फोटोला उतरता तो चिखल सकाळी दहाचा असतो साहेब, उजेडातला.

असो. रक्तदाब वाढतो. पण त्याच प्रतिज्ञापत्रात पुढची ओळ आहे आणि ती वाचून मात्र डोकं फिरतंच. वहिनीसाहेबांचाही व्यवसाय शेती. नव्या प्लॉटची, दागिन्यांची यादी खाली आहे. आम्ही मोजली नाही. आमचं म्हणणं एवढंच की जिची भांगलून भांगलून कंबर गेली, पाचट ओढून हात कापले, जी पहाटे धारा काढून आठच्या टेंपोनं दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जाते, ती बाई कुठल्या कागदावर शेतकरी आहे? सातबाऱ्यावर तिचं नाव चढतं ते बहुतेक वेळा नवरा गेल्यावर, वारस म्हणून. बँकेच्या फॉर्मवर ती गृहिणी. साहेबांच्या त्या जुलैतल्या फोटोत ती आहे, त्यांच्या मागं, वाकलेली. तोंड दिसत नाही. तिच्या रानात उभं राहून, तिच्या हातातली रोपं घेऊन, तिचा धंदा साहेबांनी स्वतःच्या नावापुढं लिहिला, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

ही प्रतिज्ञापत्रं जाहीर असतात, मोबाइलवर फुकट उघडतात. शेतजमिनीच्या रकान्यात गट नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की खरेदी, खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत एवढं सगळं लिहून द्यावं लागतं. भाषण नंतर ऐका. आधी ती तारीख बघा, आणि तिथला रस्ता कधी जाहीर झाला ते बघा.